आडवा जॅक, उभा जॅक

खवा आटवायला बाभळीचं जळण लागतं आणि ते फोडलेलं लागतं. अख्खा ओंडका चुलीत घातला तर वरची साल तेवढी जळते, आतलं लाकूड धुमसत बसतं आणि तो सगळा धूर कढईत उतरतो. असा खवा बेळगावला गेला की तिथला मिठाईवाला डबा उघडतो, नाकाजवळ नेतो आणि काही न बोलता झाकण लावून टाकतो. हे मला आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, येऊन सांगितलं होतं. मी स्वतः त्या दुकानात कधी गेलेले नाही. पण तो झाकण लावणारा माणूस मला पाठ आहे.

आमचं गाव निपाणी आणि संकेश्वरच्या मधे, हमरस्ता सोडून थोडं आत. घराच्या मागं परडं आहे, परड्यात म्हशींचा गोठा आणि गोठ्याला लागून भट्टी. भट्टी म्हणजे मातीची मोठी चूल आणि वर लोखंडी कढई. आधी ती माझ्या सासूबाईंची होती. मी त्यांना आत्या म्हणते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी उलथनं माझ्या हातात दिलं आणि स्वतः बाजूला पाटावर बसल्या. त्या पाटावरून त्या अजून उठलेल्या नाहीत.

मला माणसांत बोलायला जमत नाही. लहानपणापासूनच नाही. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हा बाकीच्या मुली रडल्या, मला मात्र आता उभं राहून वाचून दाखवावं लागणार नाही याचं बरं वाटलं होतं. पण कढईसमोर बसलं की बोलावं लागत नाही. दूध आटत असताना हात थांबवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कुणी बोलायलाही येत नाही. दूध आधी पातळ उसळतं, मग जड होतं, मग कडेला चिकटायला लागतं, आणि शेवटी कढई सोडून एकाएकी गोळा होऊन उलथन्यामागं फिरायला लागतं. त्या शेवटच्या वेळी जाळ कमी लागतो, पण विझून चालत नाही. त्यासाठी बारीक फोडलेल्या चिरफळ्या हव्यात. सुरुवातीला जाड, शेवटी बारीक. माझं सगळं कसब म्हणजे एवढंच.

पूर्वी आमची लाकडं गल्लीच्या टोकाला राहणारे आप्पा फोडायचे. निम्म्या गावाची लाकडं तेच फोडत. ओंडका उभा करून त्याच्याभोवती एक फेरी मारायचे, कुठंतरी बोट ठेवायचे आणि तिथंच कुऱ्हाड घालायचे. त्यांचे गुडघे गेले तशी कुऱ्हाड मालकांच्या हातात आली. मग मागच्या वर्षी उसाची मोळी उचलताना मालकांचा उजवा खांदा निखळला. बेळगावच्या डॉक्टरांनी तो बसवला आणि सांगितलं, कुऱ्हाड बंद. गावातल्या तरण्या पोरांना विचारलं, तर सगळी सकाळी मोटरसायकलीवर नाहीतर बसनं कामावर जाणारी. लाकडं फोडतो म्हणणारा एक माणूस गावात राहिलेला नाही. आधी फोडून ठेवलेल्या राशीवर दिवस काढले, तीही तळाला लागत आली.

एक दिवस जेवताना मालक म्हणाले, "दूध डेरीला घालूया. पुढच्या महिन्यापासनं."

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

"तुझाच तरास वाचंल. धुरात बसायचं न्हाय, काय न्हाय. कॅन न्यायचा, ओतायचा, परत यायचं."

त्यांचं खोटं नव्हतं. ते माझ्या काळजीनंच बोलत होते, हेही मला कळत होतं. पण त्या रात्री मी आत्यांचे पाय चेपत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मग तू दिवसभर काय करणार गं?" दोन खोल्या झाडून, भाकरी करून उरलेल्या वेळात मी कोण असेन, असं काहीतरी मनात आलं. ते सांगायचं कसं आणि कुणाला?

पुढच्या रविवारी धाकटे दीर आले. ते बेळगावात राहतात, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात वेल्डिंगचं काम करतात, आणि सुट्टी मिळेल तसं मोटरसायकलवरून घरी येतात. भट्टी बंद होणार हे कळलं तसं ते चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, आपल्या ट्रॅक्टरला हायड्रोलिक हाय का न्हाय?"

"हाय की."

"शेणखतानं भरलेली ट्रॉली उचलतंय, ते येक लाकूड फोडणार न्हाय व्हय?"

त्यांनी मोबाइलवर दाखवलं. कुठल्यातरी परदेशातला एक म्हातारा ट्रॅक्टरच्या मागं उभा होता. समोर लोखंडाचं आडवं यंत्र होतं. तो एका बाजूला ओंडका ठेवत होता, एक दांडी ओढत होता, आणि ओंडका पाचरीवर जाऊन शांतपणे दोन होत होता. कुऱ्हाड नाही, घण नाही. आत्यांनी ते तीनदा बघितलं. म्हणाल्या, "ह्येला तर घामबी न्हाय आला."

मालक म्हणाले, "कर. पण येक सांगतो. हे हिला येकटीला जमलं पायजे. मी मळ्यात, तू कामावर. रोज कोन येणार हाताखाली? दोन म्हयनं बगू. येकटीला जमलं तर भट्टी ऱ्हाईल. न्हाय तर दूध डेरीला. मग पुन्हा विषय न्हाय."

असं ठरलं. मी दारामागं उभी होते. तशीच परड्यात जाऊन न फोडलेल्या ओंडक्यांची रास बघून आले.

दिरांनी यंत्र आमच्या जुन्या ट्रॉलीच्या जॅकवर करायचं ठरवलं. त्या ट्रॉलीचा सांगाडा गंजून गेला होता, पण जॅक चांगला होता. जॅक म्हणजे जाड लोखंडी नळकांडं. ट्रॅक्टरच्या मागच्या पाइपातून त्यात तेल दाबून गेलं की आतला दांडा बाहेर येतो. सीटखालची एक चावी फिरवली की ट्रॅक्टरचं तेल नांगर उचलायच्या हातांकडं न जाता या पाइपाकडं जातं. लिव्हर वर केली की दांडा बाहेर. ट्रॉली अशीच उचलते, हे आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत आहे.

त्यांनी तो जॅक एका लोखंडी गर्डरवर आडवा बसवला, हुबेहूब मोबाइलमधल्यासारखा. दुसऱ्या टोकाला पाचर म्हणून मोडक्या नांगराचा फाळ धार लावून वेल्ड केला. तीन रविवार त्यात गेले. चौथ्या रविवारी सकाळी ते गर्डर परड्यात ठेवून ट्रॅक्टर मागं घेतला, पाइप जोडला. दिरांनी आधीच्या दिवशी कट्ट्यावर बसून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, त्यामुळं परड्याच्या कुंपणाला दहा-बारा माणसं टेकून उभी होती. आप्पा तर सगळ्यांत पुढं, काठीवर हनुवटी टेकवून. त्यांना बसायला आत्यांनी स्वतःचा पाट दिला नाही, पोतं टाकून दिलं.

पहिला ओंडका चांगला जाड होता. दिरांनी लिव्हर वर केली. ट्रॅक्टरचा आवाज जड झाला, दांडा हळूहळू पुढं आला, ओंडका सरकत जाऊन फाळाला टेकला. क्षणभर काहीच झालं नाही. मग कडाड असा आवाज झाला आणि ओंडका उभा चिरला. आतलं तांबूस लाकूड दिसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गोठ्याच्या दारातून बघत होते, मलाही टाळी वाजवावीशी वाटली.

दिरांनी लिव्हर खाली केली. दुसरा ओंडका उचलून ते वळले, तर दांडा बाहेर तसाच. लिव्हर पुन्हा वर केली, पुन्हा खाली केली. दांडा जागचा हलेना.

"आडकला काय रं?" मालक म्हणाले.

"आडकला न्हाय. तेल परत जाईना."

दोघांनी मिळून दांड्याला लाकडी फळी लावून जोर केला. तेल हळूहळू परत गेलं, दांडा आत गेला. दुसरा ओंडका फुटला. पुन्हा दांडा बाहेर, पुन्हा दोघं ढकलायला. तिसऱ्या ओंडक्याला कुंपणावरचे दोघे मदतीला आले. मालकांनी डाव्या हातानं ढकललं तरी त्यांचा उजवा खांदा दुखला असावा, त्यांनी ओठ आवळलेले मला दिसले.

आप्पा म्हणाले, "अरं, मी येकटा फोडत हुतो. आता येका लाकडाला येक ट्रॅक्टर आन चार गडी!"

सगळे हसले. दीरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. "ह्येला दोन्हीकडनं तेल जाणारा जॅक पायजे," ते म्हणाले. "मोबाइलमध्ये तसला हुता. आपल्या ट्रॅक्टरला येकच पाइप हाय. मग नवा जॅक, नवा व्हॉल्व, दुसरा पाइप..."

"ऱ्हाऊ दे," मालक म्हणाले. रागानं नाही. त्यांनी ट्रॅक्टर बंद केला. एकदम शांत झालं आणि कुंपणावरची माणसं हळूहळू घरोघर गेली.

मी भाकऱ्या थापायला आत गेले. माझ्या डोक्यात मात्र तो बाहेर राहिलेला दांडा घोळत होता. ट्रॉलीवर असताना हाच जॅक दरवर्षी खाली यायचा, मग आता का नाही? शेणखत ओतताना ट्रॉली पूर्ण खाली बसली का ते बघून सांगायचं काम माझं असायचं, कारण मालकांना सीटवरून ट्रॉलीचं बूड दिसत नाही. मी मागं उभी राहून हात वर करायची, एवढंच. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट मी बघितलेली होती. ट्रॉलीत ओलं खत चिकटून राहिलं असेल तर ती धाडकन खाली यायची. झाडून स्वच्छ केली असेल तर सावकाश, कुरकुरत यायची. म्हणजे जॅक कधी आपणहून खाली येतच नव्हता. ट्रॉली त्याला दाबून खाली आणत होती.

तव्यावरची भाकरी करपली. आत्या म्हणाल्या, "कुठं हाय ध्यान?"

मी हळूच म्हणाले, "आत्या, त्यो जॅक उभा केला तर?"

आत्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून त्या स्वतःही मोठ्यानं बोलतात. "काय उभं केलं तर?"

बाहेर सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, मालक, दीर आणि जेवायला थांबलेले आप्पा बसले होते. तिघांचं जेवण थांबलं.

"वैनी, काय म्हणालासा?" दीर.

"काय न्हाय," मी आतून म्हणाले.

आप्पा म्हणाले, "बोला की. वीस वर्सं तुमच्या दारात लाकडं फोडली, तुमचा आवाज कसा हाय ते मला अजून ठाऊक न्हाय."

आत्यांनी माझ्या हातातला तवा काढून घेतला आणि मला कोपरानं बाहेर ढकललं. खरंच ढकललं. मी भाकरीची परडी हातात धरून सोप्यात उभी राहिले. तिघं माझ्याकडं बघत होते. मी परडीकडं बघत म्हणाले, "भावजी, ट्रॉली खाली कशानं येत्या?"

"लिव्हर खाली केली की येत्या."

"लिव्हरनं तेलाची वाट मोकळी हुत्या. खाली येत्या ती वजनानं." आता थांबले तर पुन्हा बोलता येणार नाही हे कळत होतं. "रिकामी ट्रॉली सावकाश येत्या, खत चिकटलेली पटकन येत्या. ट्रॉलीच काढून टाकली तर जॅक वरच ऱ्हाईल. आज आपण ट्रॉली काढून टाकलीया. म्हणून त्यो उभा करा. लाकूड वर जाऊ दे, पाचर वरती बसवा. लिव्हर खाली केली की आपल्याच वजनानं खाली यील."

दिरांचा घास हातात तसाच होता. मग त्यांनी तो परत ताटात ठेवला.

"आयला," ते म्हणाले. "अण्णा, पाच वर्सं मी वेल्डिंग करतोय."

मालक हसायला लागले. "आन मी वीस वर्सं ट्रॉली वततोय."

आप्पा माझ्याकडं बघून म्हणाले, "आवाज चांगला हाय की."

मी आत पळाले. आत्यांना काय झालं ते नीट ऐकू आलं नव्हतं, त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "मग आधी का न्हाय सांगितलंस? एवढी माणसं बघून गेली."

पुढच्या रविवारी भट्टीपासून पंधरा पावलांवर खड्डा काढला. जॅक उभा केला तर त्याचं डोकं माझ्या कमरेच्या वर येत होतं, तेवढं उंच जड ओंडका मी एकटी चढवू शकले नसते. म्हणून जॅकच्या दांड्यावर ओंडका ठेवायला एक लोखंडी पाटी बसवली आणि जॅक खड्ड्यात असा उतरवला की पाटी जमिनीला लागून आली. ओंडका आता उचलायचा नाही, नुसता लोळवत आणून पाटीवर उभा करायचा. खड्डा काढायला दीर आणि मी होतो. मालक डाव्या हातानं घमेलं ओढत होते आणि आम्हाला माप चुकतंय म्हणून सांगत होते. गर्डर दोन्ही बाजूंना उभे करून वर आडवा तुकडा जोडला आणि त्याला फाळ खाली तोंड करून लावला.

पहिल्या खेपेला लाकूड फुटलं, पाटी खाली यायला लागली, पण फार सावकाश. अर्ध्यात येऊन थांबल्यासारखीच झाली. दीर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "झाडलेल्या ट्रॉलीगत झालंय." यावेळी सांगायला आतून बाहेर ढकलावं लागलं नाही.

पुढच्या वेळी येताना त्यांनी कारखान्याशेजारच्या फाउंड्रीतून, तिथल्या शेठला विचारून, एक बिघडलेला ओतीव लोखंडाचा जड तुकडा आणला. कशाचा भाग होता कुणास ठाऊक, मोटरसायकलच्या मागं बांधून आणला तेव्हा पुढचं चाक हलकं होत होतं म्हणे. तो पाटीच्या खाली दोन्हीकडून लोंबता बांधला आणि तसाच खड्ड्यात उतरवला. आता लिव्हर खाली केली की पाटी दमानं पण न थांबता खाली येऊन बसायला लागली. मालकांनी ती आठ-दहा वेळा नुसतीच वरखाली केली. लाकूड न ठेवता. पोरासारखे.

आप्पा रोज येऊन पोत्यावर बसायचे. कुऱ्हाड गेली याचं त्यांना वाईट वाटेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनी यंत्राच्या कामात स्वतःला घेतलं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बारीक भेगा असतात. त्यातली सगळ्यांत लांब भेग फाळाच्या धारेखाली आली पाहिजे, हे त्यांनी दाखवलं. ते ओंडक्याभोवती फेरी मारून बोट ठेवायचे ते हेच होतं. "लाकूड आधीच सांगतंय कुठं फुटणार त्ये," ते म्हणाले. "तुमच्यावानीच हाय. बारीक आवाजात सांगतंय." मी ऐकून खाली बघितलं, पण हसू आवरलं नाही.

मग ट्रॅक्टर चालू करणं. हे मला कधी येईल असं वाटलं नव्हतं. मालकांनी संध्याकाळी तीन-चार वेळा शिकवलं. आधी गिअर मोकळा आहे का ते हलवून बघायचं, हातब्रेक ओढायचा, चाकाला दगड लावायचा, मग क्लच दाबून चावी. पहिल्यांदा चालू झाला तेव्हा सीट थरथरली आणि मी चावी सोडून उतरायलाच लागले. ते ओरडले, "आगं, त्यो कुठं जात न्हाय!" लिव्हर कशी धरायची हेही सांगितलं. लाकूड फुटेना आणि ट्रॅक्टर कींऽऽ असा ओरडायला लागला तर हट्ट करायचा नाही, लगेच लिव्हर खाली करायची. गाठीचं लाकूड असेल, ते बाजूला ठेवायचं. लिव्हर सीटच्या उजवीकडं, पाटी मागं. मधे चार पावलं. दिरांना ती जवळ आणायची होती, पण मालक म्हणाले असू दे, एक हात लाकडावर आणि एक हात लिव्हरवर असं कधी होणारच नाही.

दोन महिन्यांच्या मुदतीचा शेवटचा दिवस आला. मालक सकाळीच कामासाठी संकेश्वरला गेले. जाताना म्हणाले, "डेरीत सांगून ठेवलंय, उद्यापासनं. आज बग जमतंय का. न्हाय जमलं तरी काय न्हाय." दाराबाहेर जाऊन परत आले आणि चाकाला दगड लाव म्हणून पुन्हा सांगून गेले.

मी आत्यांना म्हणाले, "कोन बघाय आलं तर मला जमणार न्हाय."

आत्या आपला पाट उचलून परड्याच्या वाटेवर जाऊन बसल्या. एक शेजारीण शेण न्यायला आली, तिला त्यांनी तिथूनच परत लावलं. "आज न्हाय गं. आज आमच्याकडं काम चाललंय." काय काम म्हणून तिनं विचारलं. "हायड्रोलिक," आत्या म्हणाल्या. शेजारीण आणखी काही न विचारता गेली.

ट्रॅक्टर पहिल्या चावीला चालू झाला नाही. दुसऱ्या चावीला झाला. मी उतरले, दगड पुन्हा बघितला. मग पहिला ओंडका लोळवत आणून पाटीवर उभा केला, त्याच्याभोवती फेरी मारली, लांब भेग शोधून फाळाखाली आणली. चार पावलं चालून लिव्हर वर केली. ओंडका सरळ वर गेला, फाळाला टेकला. कडाड झालं. दोन्ही फोडी दोन बाजूंना पडल्या. लिव्हर खाली केली, पाटी खाली आली. कुणीही न ढकलता.

मग मी थांबले नाही. फोडी पुन्हा उभ्या करून चार केल्या, चाराच्या आठ. दोन ओंडके गाठीचे निघाले, ट्रॅक्टर ओरडला, मी लिव्हर खाली केली आणि ते बाजूला लोळवून ठेवले. एकदा लाकूड तिरकं ठेवलं गेलं आणि फाळाखालून निसटून धाडकन पडलं. मी चार पावलं लांब होते म्हणून काही झालं नाही, तरी पाच मिनिटं बसून राहिले. मग तेच लाकूड पुन्हा ठेवलं, यावेळी सरळ. बाभळीचा तुरट वास सगळ्या परड्यात भरला होता. पदर कमरेला खोचलेला, केसांत भुसा, आणि मी स्वतःशीच काहीतरी बोलत होते हे नंतर लक्षात आलं. लाकडाशी बोलत होते. "ये, सरळ उभा ऱ्हा. आसं. आता जा वर."

दुपारच्या आत आठवडाभराचं जळण फुटलं. जाड वेगळं, मधलं वेगळं, चिरफळ्या वेगळ्या, असं मी भट्टीच्या भिंतीला रचलं. ट्रॅक्टर बंद केला. आत्यांनी पाट उचलून आणला आणि आम्हा दोघींपुरतं कालवण केलं, भरपूर तेल घालून.

मालक संध्याकाळी आले. परड्यात जाऊन त्या रचलेल्या लाकडांसमोर उभे राहिले. मग डावा हात ट्रॅक्टरच्या बॉनेटवर ठेवून बघितला. गार झाला होता. जमिनीवरचा भुसा पायानं थोडा सरकवला.

"कोन आलं हुतं मदतीला?" त्यांनी विचारलं.

आत्या म्हणाल्या, "मी."

"तू काय केलंस?"

"राखण."

ते हसले नाहीत, पण जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेतला. डेरीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. जॅक उभा करायचं सांगून झालं होतं, तिघा पुरुषांसमोर, तरी घरात एवढी एक गोष्ट विचारायला माझ्यानं झालं नाही. रचलेली लाकडं दिसतातच की, असं मनाशी म्हणत मी झोपले.

सकाळी मालक गोठ्यात धारा काढत होते. मी कढई घासून, चुलीत जाड फोडी मांडून बसले. पेटवली मात्र नाही. डेरीचा नवा कॅन दोन दिवसांपूर्वी आणलेला होता, तो सोप्यात दाराजवळ ठेवला होता. शेवटच्या म्हशीची धार संपली, बादलीत पडणारा आवाज थांबला. ते बादली घेऊन गोठ्याच्या बाहेर आले. उजवीकडं सोप्याकडं, कॅनकडं जाणारी वाट, डावीकडं भट्टी. मी मान वर केली नाही. बादलीच्या कडीचा आवाज तेवढा ऐकत होते.

आवाज जवळ आला आणि माझ्या शेजारी थांबला.

"कढई कोरडी हाय न्हवं?"

"हाय," मी म्हणाले.

त्यांनी बादली डाव्या हातानं उचलली, उजव्या हातानं बूड धरायला लागले. मी उठून खालून आधार दिला. दूध कढईत पडलं, फेस वर आला. ते दुसरी बादली आणायला गोठ्याकडं वळले आणि जाता जाता म्हणाले, "पेटव की. बसलीयास का?"